सुट्टीवर नाशिकला आल्यावर काय होतं? अनुभव लिहा

आमच्या कॉलनीत बहुतेक घरांतलं एक तरी पोर परदेशात आहे. डिसेंबर उजाडला की इमारतीखाली मोठाल्या बॅगा उतरतात आणि लिफ्टमध्ये 'कधी आलात, कधी जाणार' सुरू होतं. मी मस्कतला नोकरी करून कायमचा परतलोय, त्यामुळे हा प्रश्न पूर्वी ऐकायचो, आता विचारतो. मिसळ, चिवडा आणि गोदाकाठ यांवर सगळ्यांचं लिहून झालंय, ते जरा बाजूला ठेवू. आल्यावर कोणती कामं निघतात, कुठे अडतं, घरात आपली जागा काय उरलेली असते, ते लिहा. सिंहस्थासाठी रस्ते खणलेत ही तक्रार चालणार नाही. २०२७ पर्यंत ती गृहीतच आहे.

जेल रोडची, आता न्यू जर्सी

बाबा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते. आपले पासपोर्ट तिथल्याच इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापले जातात. अमेरिकेचं नागरिकत्व घेतल्यावर भारतीय पासपोर्ट जमा करावा लागला आणि तो रद्दचा शिक्का घेऊन परत आला. सुट्टीत आले तेव्हा तो बाबांना दाखवला. मला वाटलं होतं, आता काहीतरी ऐकावं लागणार. त्यांनी चष्मा लावला, एक पान ट्यूबलाइटसमोर धरलं आणि छपाईच बघत बसले. "चांगला उतरलाय," म्हणाले, आणि परत दिला.

बोलली ती आई. "म्हणजे आता मतदानाला तुझा नंबर नाही."

नाहीच. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्यांना मिळतं त्या ओसीआय कार्डावर हवं तेवढ्या वेळा येता येतं, कितीही दिवस राहता येतं, पण मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने आलेली मात्र ठेवता येते. हे मी पिंपळगावच्या काकांना सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला की पडला, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही.

कॉलेज रोड ते म्युनिक

छोटाच अनुभव. मेथीच्या दोन जुड्या घेतल्या, मावशींनी क्यूआर कोडची पाटी पुढे सरकवली. माझ्या फोनात जर्मन सिम. भारतातला नंबर रिचार्जअभावी केव्हाच बंद पडलेला आणि बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर जाणार. पाचशेची नोट काढली तर "सकाळी सकाळी सुट्टे कुठून आणू, दादा?" नोटा जिथे छापतात त्या गावात नोट चालेना! शेवटी मागे उभ्या असलेल्या कॉलेजच्या पोराने माझे पैसे भरले. मी त्याला नोट देऊ लागलो तर "राहू द्या काका" म्हणून निघूनही गेला. काका!

बाकी, बाहेर गेल्यावर आपलं साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे परदेशस्थ भारतीयांचं इथल्या कमाईसाठीचं खातं, करून घ्यावं लागतं हे सगळ्यांना माहीत असेलच. काही मोजक्या देशांचे मोबाईल नंबर एनआरओ किंवा एनआरई (तिकडच्या कमाईसाठीच्या) खात्याला जोडून यूपीआय चालतं. आपला देश त्यात आहे का, ते विमानात बसण्याआधी बघा.

पंचवटीतला, मुक्काम मेलबर्न

आई गेली तेव्हा मला दहाव्यालाही पोचता आलं नाही. धाकट्याने सगळं केलं, अस्थी रामकुंडात त्यानेच सोडल्या. मी व्हिडिओ कॉलवर होतो, पण मोबाईल धरलेल्या आतेभावाचा अंगठाच जास्त दिसला.

वर्षश्राद्धाला मात्र आलो. विधी झाल्यावर गुरुजींनी विचारलं, "मूळ गाव?" आमचं येवला. ते आत गेले आणि लाल कापडात बांधलेलं नामावळीचं बाड घेऊन आले. रामकुंडावर आणि त्र्यंबकला तीर्थोपाध्यायांकडे अशा वह्या असतात, गावा-आडनावाप्रमाणे लावलेल्या. घराण्यातलं कोण, कधी, कशासाठी येऊन गेलं, त्याची नोंद त्यांत असते. हे मला ऐकून माहीत होतं. पण आजोबांची सही समोर आली, पेन्सिलीने केलेली, 'ळ' ला उगाच लांब शेपूट असलेली, तेव्हा मी गप्पच झालो. त्याच्या मागची पानं मोडी लिपीत होती, ती गुरुजींनी वाचून दाखवली. पणजोबा त्यांच्या आईच्या अस्थी घेऊन आले होते. तेही नंतर, कारण पेरण्या चालू होत्या. म्हणजे वेळेवर न पोचणारा आमच्या घरात मी पहिला नव्हे. आत्या म्हणाली, पेरणी आणि तुमचं ऑफिस एक नाही. तेही खरं.

मग नवी नोंद. माझं नाव, बायकोचं, दोन्ही मुलींची. गुरुजींनी अगदी सवयीने विचारलं, "मुक्काम पोस्ट?"

"मेलबर्न."

"तालुका?"

धाकटा इतका हसला की शेजारच्या घाटावरचे लोक वळून बघायला लागले. थोरल्या मुलीला देवनागरी सही येत नव्हती. तिने इंग्रजीतच केली, आजोबांच्या सहीखाली. गुरुजींना त्यात काही वावगं वाटलं नाही. "वाचणाऱ्याला वाचता आलं म्हणजे झालं," म्हणाले.

सातपूरकर, ह्यूस्टन

वडिलांमागे राहिलेला फ्लॅट विकायला आलो होतो. भावनिक काही नाही, फक्त माहिती. विकणारा इथेच राहणारा असेल तर पन्नास लाख आणि त्यावरच्या व्यवहारात खरेदीदार एक टक्का टीडीएस, म्हणजे करापोटीची रक्कम, आधीच कापतो. विकणारा एनआरआय असेल तर हा नियम नाही, तिथे नफ्यावरच्या कराच्या दराने कापतात. दीर्घ मुदतीच्या नफ्याचा दर २३ जुलै २०२४ पासून १२.५ टक्के आहे, वर अधिभार आणि सेस. आणि कमी कपातीचं प्रमाणपत्र आयकर खात्याकडून आधी काढलेलं नसेल तर कापणी नफ्यावर नाही, पूर्ण किमतीवर होते. हे ऐकलं की अर्धी गिऱ्हाइकं पळतात. प्रमाणपत्राला वेळ लागतो, तेव्हा अर्ज तिकडूनच करून ठेवा. नाहीतर सगळी सुट्टी सीएच्या ऑफिसात जाते. माझी गेली.

इंदिरानगरची लेक, सिंगापूर

वर येवल्याच्या दादांचं वाचून लिहावंसं वाटलं. आमच्याकडे उलट आहे, फोनवर सगळं छान असतं. आल्यावर बघते तर आईच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन गेलेलं. "तुला सांगून काय, तू तिथून टाके काढणार होतीस?"

त्यामुळे आता आल्या आल्या मी औषधांचा डबा उघडते, फाईल बघते, शेजारच्या काकूंना वेगळं गाठून विचारते. मागच्या खेपेला बाथरूममध्ये धरायला दांडे बसवून घेतले. अप्पा चिडले, "आम्ही काय म्हातारे झालोत का?" प्लंबर ड्रिल हातात धरून उभा. शेवटी मी सांगितलं की दांडे सासूबाईंसाठी आहेत, त्या येतात ना अधूनमधून. सटाण्याहून त्या वर्षातून एकदा येतात, तेही दुपारी. अप्पांना ते पटलं. आता तेच दांड्यांना टॉवेल वाळत घालतात.

गंगापूर रोडवरची आई

मी कुठेही गेलेले नाही. मुलगा-सून लंडनला असतात. पण दुसरी बाजू कोणीतरी मांडायला हवी.

तुम्ही येता ते आम्हाला हवंच असतं. पण रात्री तीनला फ्रीज उघडल्याचा आवाज येतो, गीझर दिवसभर चालू, बाई वैतागते, आणि सगळ्या नातेवाइकांना एकाच रविवारी जेवायला बोलवायचं असतं. घरात काय बदलायचं याची यादी तुमच्याकडे तयारच असते. वरच्या सिंगापूरच्या ताई, दांडे छान केलेत, पण माझ्या मुलाने माझा पाटा-वरवंटा 'वापरात नाही' म्हणून देऊन टाकला. वापरात होता.

खरं सांगू? महिनाभर पुरे. तुम्हाला विमानतळावर सोडून गाडी परत येते तोवर जीव थाऱ्यावर नसतो. दुसऱ्या दिवशी मात्र मी कृषीनगरच्या ट्रॅकवर चालायला जाते, मैत्रिणींना सगळं तिखटमीठ लावून सांगते आणि बरं वाटतं.

आणि येताना चॉकलेटं आणू नका, इथे सगळी मिळतात. गुडघ्याचा तो पट्टा आणा, मागच्या वेळचा सैल झालाय.