सोसायटी ऑफिसचा कीबोर्ड: ग्रुपवरची चर्चा

सचिव (बी-४०२): ऑफिसच्या पीसीचा कीबोर्ड बंद पडलाय. झाडू मारताना पिन निघाली, परत खोचली, तरी एक अक्षर उमटेना. माऊस चालतोय. कॅनडा कॉर्नरला जाऊन नवीनच घेऊन येऊ का?

पवार काकू (ए-१०१): दिवाळीपासून सांगतेय, तो डबाच बदला.

रोहन (सी-२०३): काका, पिन गोल जांभळी की चपटी यूएसबी?

सचिव: गोल जांभळी. माऊसची चपटी.

रोहन: मग थांबा जरा. कॅप्स लॉक दाबा, दिवा लागतो का?

सचिव: नाही.

रोहन: तो दिवा कीबोर्ड आपल्या मनाने लावत नाही. बटण दाबलं हे तो कळवतो, मग पीसी त्याला सांगतो, आता दिवा लाव. म्हणजे दोघांचं बोलणंच बंद आहे. गोल पिन म्हणजे पीएस/२, आयबीएमची, १९८७ ची. चालू मशीनवर ती काढली-घातली तर कधी चालतं, कधी नाही, आणि कधी मदरबोर्डलाही (पीसीच्या आतल्या मुख्य सर्किटलाही) दणका बसतो. शटडाऊन करा, आतले सहा काटे वाकलेत का बघा, सरळ बसवा, मग सुरू करा. जोर लावू नका 🙏

जोशी आजोबा (ए-३०४): मला वाटायचं ए दाबला की आत ए जातो.

रोहन: नाही आजोबा, कीबोर्डला अक्षरओळख नसतेच. तो फक्त बटणाचा नंबर पाठवतो. ए दाबलं की १सी, सोडलं की एफ० आणि पुन्हा १सी. (यातले सी, एफ हेही आकडेच, संगणकाच्या सोळाच्या मोजणीतले.) अक्षर कुठलं ते विंडोज ठरवते. म्हणून तर मराठी टायपिंगची इनस्क्रिप्ट मांडणी लावली की त्याच बटणाने ओकाराची मात्रा उमटते.

जोशी आजोबा: अच्छा! सोडल्याचंही कळवतो म्हणून शिफ्ट कळतं होय.

रोहन: अगदी बरोबर 👌 आणि पीएस/२ वाला बटण दाबताक्षणी प्रोसेसरला हातातलं काम थांबवायला लावतो. यूएसबीत उलटं. तिथे पीसीच दर काही मिलिसेकंदांनी विचारत बसतो, काही दाबलं का, काही दाबलं का.

पवार काकू: आपला वॉचमन अशा फेऱ्या मारेल तर सोनं होईल 😄

सचिव: सुरू झाला! चालू करताना तिन्ही दिवे लुकलुकले.

रोहन: ती त्याची स्वतःची तपासणी. पास झाला.

पवार काकू: मग शनिवारी पाणी बंद आहे, ती नोटीस आधी टाइप करा.