जळगावच्या मे महिन्यात बोन सिमेंट (कृत्रिम सांधा हाडात बसवायचं, पावडर-लिक्विड मिसळून बनणारं सिमेंट) लवकर घट्ट होतं, उपाय?

ओटी_जळगाव: एसी चालू असूनही ओटी (ऑपरेशन थिएटर) २६-२७ अंशांच्या खाली येत नाही. गुडघ्याचं सिमेंट सांधा बसवायच्या आतच आवळतं. थोडं लिक्विड वाढवलं तर चालेल का?

भुसावळकर: अजिबात नाही! ४० ग्रॅम पावडरला सहसा २० मिली मोनोमर (म्हणजे ते लिक्विड), हे प्रमाण ठरलेलं. लिक्विड वाढवलं तर उष्णता जास्त, आकुंचन जास्त आणि न जुळलेला मोनोमर शिल्लक. पाकिटावरच्या वेळा बहुधा २३ अंशांच्या आसपासच्या असतात, तुमची ओटी त्याहून गरम, तिथेच हिशेब चुकतो. पावडर आणि अँपूल (लिक्विडची काचेची कुपी) दोन्ही आदल्या दिवसापासून थंड खोलीत ठेवा. नुसती अँपूल गार करून फारसा फरक नाही, वजन पावडरचं जास्त. आणि हो, फ्रीजमधलं सिमेंट उशिरा घट्ट होतं, म्हणजे पाय दाबून धरायचा वेळही वाढतो.

धुळे_ऑर्थो: भुसावळकर भाऊंशी सहमत. मिसळायच्या आधी इम्प्लांट (कृत्रिम सांधा) ट्रेवर तयार हवं, हाड जेट लॅव्हाजने (पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने) धुऊन कोरडं केलेलं हवं. रक्त-चरबी राहिली की सिमेंट हाडाच्या छिद्रांत शिरत नाही. ते मुळात चिकटवणारं नाहीच, छिद्रांत घुसून अडकतं. म्हणून ग्लव्हजला चिकटणं थांबलं की लगेच लावा. सिमेंटची कणीक फार घट्ट झाली तर आत जाणार नाही. घट्ट होईपर्यंत गुडघा सरळ, हालचाल शून्य. गुडघ्याच्या मागच्या बाजूचा सिमेंटचा जादा तुकडा शोधून काढा, नाहीतर तो इम्प्लांटचं प्लास्टिक घासत बसतो.

ओटी_जळगाव: व्हॅक्यूम मिक्सिंगने (हवा ओढून घेत मिसळल्याने) घट्ट व्हायचा वेळ वाढतो?

धुळे_ऑर्थो: त्यासाठी नसतं ते. हवेचे बुडबुडे आणि वाफा कमी होतात, बस. मोनोमर लॅटेक्समधून जातो, म्हणून दुहेरी ग्लव्हज घाला.