ए-७०२ मधील गोगलगायींचे मृत्यू : आज सकाळपासूनची चर्चा

ए-७०२ : सर्वांना नमस्कार. गेल्या ११ दिवसांत माझ्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतील १२ पैकी ९ ट्रोकस गोगलगायी दगावल्या असून, हा प्रकार सोसायटीची टाकी धुतल्यानंतरच सुरू झाला, ही बाब मी समितीच्या निदर्शनास आणू इच्छितो. टाकी धुताना ब्लीचिंग पावडर किती वापरली, हे कृपया कळवावे.

सचिव : टाकी धुण्याची सूचना याच ग्रुपवर आधी दिली होती. त्याच पाण्यावर आपण सर्वजण सुखरूप आहोत.

ए-६०२ : गोगलगायींचे वृत्त तत्परतेने कळले, याबद्दल आभार. माझ्या छताला लागलेल्या खाऱ्या ओलीचे वृत्त मात्र मलाच तीनदा कळवावे लागले होते.

बी-३०४ : तो विषय आता नको, वहिनी. भाऊ, मासे कसे आहेत? शंखात राहणारा खेकडा जिवंत आहे का?

ए-७०२ : दोन्ही क्लाउनफिश आणि खेकडा ठणठणीत आहेत. अमोनिया व नायट्राइट शून्य आहे. पाणी स्वयंपाकघरातील आरओचे वापरतो. खारटपणा मोजणारा हायड्रोमीटर १.०२५, म्हणजे योग्य आकडा दाखवतो. तरीही ब्लीचिंग पावडरच्या प्रमाणाविषयी उत्तर मिळालेले नाही.

सी-१०१ : काका, मला खेकड्याचाच संशय येतो. दुसऱ्याला हुसकावून त्याच्या घरात राहायला जाणे हा त्याचा स्वभाव आहे. आपल्याकडे त्याला पुनर्विकास म्हणतात.

सचिव : पुनर्विकासाचा विषय कृपया सर्वसाधारण सभेत मांडावा.

बी-३०४ : खेकड्याने मारले असते, तर शंख रिकामे सापडले असते. भाऊंनी काढलेल्या शंखांत मांस तसेच होते. कचऱ्याच्या डब्याजवळून गेलेल्या प्रत्येकाला ते ठाऊक आहे. पाण्यात तांबे उतरले असते, तर खेकडाही वाचला नसता. क्लोरीन आरओच्या कार्बन फिल्टरमध्ये अडते, आणि त्यातून निसटले असते तर आधी माशांच्या कल्ल्यांना त्रास झाला असता.

ए-७०२ : आपले म्हणणे मान्य, तथापि ब्लीचिंग पावडर किती होती?

बी-३०४ : भाऊ, उन्हाळा सुरू झाल्यापासून टाकीवर पंखा लावला आहे ना? मग रोज खाली जाणारी पातळी आपण कोणत्या पाण्याने भरता?

ए-७०२ : अर्थात मिठाच्या पाण्याने. समुद्री माशांना गोडे पाणी कसे घालणार?

बी-३०४ : तिथेच घोटाळा आहे. वाफ होऊन पाणी जाते, मीठ टाकीतच राहते. त्यामुळे भर नेहमी गोड्या पाण्याचीच घालायची असते. माशाचे शरीर आतील क्षारांचा तोल बऱ्यापैकी सांभाळते, पण गोगलगायीच्या शरीरात बाहेरच्या पाण्याइतकाच खारटपणा उतरतो, म्हणून ती आधी मरते. हायड्रोमीटरच्या काट्यावर मीठ साचले की तो जड होऊन आकडा कमी दाखवतो. मी रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे खारटपणा अधिक अचूक मोजणारे उपकरण, घेऊन वर येते.

सी-१०१ : गोगलगाय नि पोटात पाय, आणि आता पोटात मीठही.

बी-३०४ : दर हजारी ३५ क्षारतेच्या प्रमाणित द्रावणाने उपकरण जुळवून मोजले. प्रत्यक्ष आकडा १.०३१ आहे. हायड्रोमीटरच्या काट्यावर पांढरा थर स्पष्ट दिसत होता.

सचिव : टाकी धुण्याचा संबंध नव्हता, अशी नोंद घ्यावी.

ए-७०२ : नोंद घेतली. आजच पाणी बदलून आकडा १.०२५ वर आणतो.

बी-३०४ : एकदम मुळीच नको. उरलेल्या ३ गोगलगायी त्या धक्क्यानेच जातील. रोज थोडे खारे पाणी काढून तेवढेच गोडे घाला, म्हणजे दिवसाला ०.००१ इतकाच फरक पडेल. काचेवर पातळीची रेघ आखा. आरओत टीडीएस (विरघळलेले क्षार) वाढवणारा नॉब असेल, तर तेही तपासा. त्यामुळे आरओच्या पडद्यातून न गेलेले पाणी मिसळते.

ए-७०२ : आभारी आहे, ताई. म्हणजे आठवडाभर रोज थोडे खारे पाणी बाहेर पडणार.

ए-६०२ : ते कुठे ओतणार, एवढे लेखी कळवावे. मागच्या खेपेस बागेतील जास्वंद त्याच बादलीने जळाली होती.

सचिव : न्हाणीघरातील मोरीत ओतावे. बागेत नाही.

ए-६०२ : मोरी माझ्या छतावरच येते.