मदत हवी आहे: मामांच्या जुन्या मिलिटरी रायफली मिशिगनहून ऑंटारिओत कायदेशीरपणे कशा आणायच्या?

नमस्कार मंडळी,

विषय जरा वेगळा आहे, पण इथे अमेरिका-कॅनडातले बरेच जण आहेत, कस्टम्सच्या कामातलेही आहेत, म्हणून विचारतेय. माझे सख्खे मामा डेट्रॉइटजवळ राहायचे, मूळ साताऱ्याचे, सगळी नोकरी मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून झाली. ते गेले आणि मृत्युपत्रात त्यांनी तीन जुन्या लष्करी रायफली माझ्या नावावर ठेवल्यात. मी ऑंटारिओतल्या लंडनला असते, कॅनडाची नागरिक आहे, बंदुकीचं लायसन्स नाही. या उडवायच्या वगैरे अजिबात नाहीयेत, जपायच्या आहेत. मामी आता घर विकून लहान जागेत जातायत त्यामुळे निर्णय घ्यावा लागणार आहे.

रायफली कुठल्या ते सांगते कारण सगळं त्यावरच अडलंय. पहिली स्नायडर-एनफील्ड, .५७७ बोअर (म्हणजे नळीचा आतला व्यास, इंचात), घोड्याजवळच्या लॉकप्लेटवर मुकुट, व्हीआर (राणी व्हिक्टोरियाची खूण) आणि १८७०. दुसरी मार्टिनी-हेन्री, मार्क टू, खाली लिव्हर असलेली, उजव्या अंगाला एनफील्ड १८७८. या दोन्ही नेपाळच्या साठ्यातल्या. काठमांडूच्या लगन सिलेखान्यात (जुन्या शस्त्रागारात) नेपाळच्या राणा राज्यकर्त्यांच्या काळापासून हजारो ब्रिटिश आणि नेपाळी बनावटीच्या बंदुका पडून होत्या, तो सगळा साठा २००३ मध्ये अमेरिकेत विकत आणला गेला, त्यातनं मामांनी घेतल्या. आल्या तेव्हा पिवळ्या घट्ट ग्रीसमध्ये बुडालेल्या होत्या, मामांनी कित्येक रविवार गॅरेजमध्ये रॉकेलच्या फडक्याने पुसून काढल्या. मार्टिनीच्या नळीवर मागच्या बाजूला देवनागरी अक्षरं आणि आकडे कोरलेत, 'श्री' तर स्पष्ट वाचता येतं. घरी येणाऱ्या प्रत्येक मराठी पाहुण्याला मामा ते बोट ठेवून वाचायला लावायचे.

तिसरी वेगळी आहे, मॅगझिन ली-एनफील्ड, .३०३, बोल्टखालच्या पट्टीवर एनफील्ड १८९६, एल.ई. वन. ही त्यांनी मिशिगनमध्येच एका म्हाताऱ्या संग्राहकाकडून घेतलेली.

आत्तापर्यंत वाचलं ते असं. अमेरिकेत १८९८ पर्यंत, म्हणजे ते साल धरून, बनलेली बंदूक अँटिक, ती १९६८ च्या गन कंट्रोल अ‍ॅक्टप्रमाणे फायरआर्मच नाही. त्या हिशोबाने तिन्ही सुटल्या. पण कॅनडात नुसतं साल पुरत नाही, १८९८ च्या आधी बनलेली हवी, आणि सेंटरफायर (बुडाच्या मधोमध ठोका बसून पेटणाऱ्या) काडतुसाची रायफल असेल तर बोअर ८.३ मिलिमीटर किंवा जास्त हवा आणि मॅगझिन नको. स्नायडरचा बोअर साधारण १४.७, मार्टिनीचा साडेअकराच्या आसपास, दोन्ही एकबारी, म्हणजे अँटिक. ली-एनफील्डचा बोअर ७.७ आणि वर मॅगझिन, म्हणजे १८९६ ची असूनही कॅनडात ती सरळ नॉन-रिस्ट्रिक्टेड, म्हणजे लायसन्स लागणारी साधी बंदूक. हे मी बरोबर समजतेय ना? आणि असेल तर सीमेवरचा पूल ओलांडताना दोन रायफली चालतील आणि तिसरीमुळे गाडीच जप्त होईल असं काही होऊ शकतं का? मामींना वाटतं तिघी एकत्रच राहाव्यात, मामांची तशी इच्छा होती. मला मात्र एकही गोष्ट लपवून न्यायची नाहीये, त्यामुळे लांबचा रस्ता असला तरी चालेल पण कायदेशीर सांगा.

प्रतिसाद:

ताई, आधी मामांच्या जाण्याबद्दल वाईट वाटलं. तुमचं वाचन बरोबर आहे. मी विंडसरला कस्टम्स ब्रोकरकडे काम करतो, आमच्याकडे अशा केसेस अधूनमधून येतात. लोक नेहमी कॅनडाचीच बाजू बघतात आणि अमेरिकेतून बाहेर काढण्याचा कायदा वेगळा असतो हे विसरतात. तिथे तारीखही निराळी आहे. अमेरिकेच्या एक्सपोर्ट नियमात अँटिक म्हणजे १८९० च्या आधी बनलेली. स्नायडर आणि मार्टिनी त्यात बसतात, म्हणजे लायसन्स लागत नाही. ली-एनफील्ड १८९६ ची म्हणजे ती कॉमर्स खात्याच्या यादीत ०ए५०१ या कोडखाली येते आणि त्या कोडच्या बंदुकांना कॅनडासाठी सुद्धा एक्सपोर्ट लायसन्स लागतं. म्हणजे अमेरिकेच्या घरात अँटिक, अमेरिकेच्या दारात बंदूक, आणि कॅनडाच्या दारात पण बंदूक. १८९०, १८९८ आणि ८.३ हे तीन आकडे एका कागदावर लिहून फ्रिजला लावा, बाकी सगळं त्यातूनच निघतं.

पहिल्या दोघींसाठी: कॅनडात लायसन्स नको, नोंदणी नको. पण सीमेवर डिक्लेअर करायचंच, विचारायच्या आधी स्वतःहून सांगायचं. "अँटिक आहे, म्हणून बोललो नाही" हे चालत नाही, आणि अँटिक आहे हे पटवून द्यायचं काम आणणाऱ्याचं. म्हणून मृत्युपत्राची प्रत, एक्झिक्युटरचं (मृत्युपत्राची अंमलबजावणी करणाऱ्याचं) पत्र (त्यात प्रत्येक रायफलीचं नाव, साल, बोअर, खुणा), मामांच्या खरेदीचं जुनं बिल असेल तर ते, आणि शिक्क्यांचे जवळून काढलेले स्पष्ट फोटो एकत्र फाइल करा. वारसाहक्काने आलेल्या घरगुती वस्तूंना टॅरिफ ९८०६ खाली ड्युटी-टॅक्समधून सूट असते, तेही मागायला विसरू नका. काडतूस एकही नको, शोभेचं म्हणून ठेवलेलं जुनं रिकामं केस पण त्या दिवशी गाडीत नको. रायफली रिकाम्या, डिकीत, गुंडाळून.

प्रतिसाद:

वरच्यांशी सहमत, एक भर घालतो. तुम्ही अमेरिकेत व्हिजिटर म्हणून जाणार ना, तर लक्षात घ्या की नॉन-इमिग्रंट व्हिसावर (तात्पुरत्या व्हिसावर) आलेल्या माणसाने फायरआर्म जवळ ठेवण्यावर तिथे फेडरल कायद्याने बंदी आहे, काही अपवाद सोडून. कॅनडाचे नागरिक व्हिजिटर म्हणून सहसा व्हिसाशिवाय जातात, त्यांना ही बंदी लागू नाही, आणि तुमच्या तिन्ही तर १८९८ च्या आतल्या. तरी मामांच्या कपाटात नंतरच्या काळातली अजून काही बंदूक निघाली, समजा पहिल्या महायुद्धातली, तर तिला हात लावू नका, मामींना स्थानिक लायसन्सवाल्या डीलरला बोलवायला सांगा.

तिसरीसाठी घाई करू नका. आधी सेफ्टी कोर्स करा, मग आरसीएमपीकडे (कॅनडाच्या केंद्रीय पोलिसांकडे) पीएएलचा, म्हणजे बंदुकीच्या लायसन्सचा अर्ज करा. पहिल्यांदा अर्ज करणाऱ्याला २८ दिवस थांबावंच लागतं, प्रत्यक्षात जास्तच धरा. ते हातात आलं की अमेरिकेतून एक्सपोर्टवाल्या कंपनीमार्फत कॉमर्सच्या लायसन्सचा अर्ज. तोपर्यंत ती मामींकडे किंवा एखाद्या विश्वासू डीलरकडे राहू दे.

प्रतिसाद:

इथेच विचारू का? आमच्याकडे सावंतवाडीला आजोबांची ठासणीची बंदूक आहे, शेती संरक्षणाच्या परवान्यावर चालू आहे, पण बंदूक त्यांच्या आजोबांच्या वेळची. मुलगा टोरंटोला आहे, त्याला नेता येईल का?

प्रतिसाद:

काका, नाही. भारतातून शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू म्हणजे पुरावस्तू, १९७२ च्या कायद्याप्रमाणे ती देशाबाहेर न्यायचा हक्क फक्त केंद्र सरकारला किंवा सरकारने नेमलेल्या संस्थेला आहे. कॅनडाला ठासणीची बंदूक चालते, पण इथून निघतच नाही. आणि ती परवान्यावर आहे म्हणजे शस्त्र कायदाही लागू. आजोबांच्या नंतर परवाना वारसाच्या नावावर करायला वेळेत अर्ज करा, नाहीतर ठाण्यात जमा करावी लागते आणि मग सोडवायला फार त्रास होतो. मुलाला तिचे चांगले फोटो आणि परवान्याची झेरॉक्स पाठवा.

धागाकर्तीचा प्रतिसाद:

सगळ्यांचे मनापासून आभार, १८९० वाली गोष्ट मला कुठेच दिसली नव्हती आणि तिन्ही घेऊन निघण्याचाच विचार चालू होता. आज मामींशी फोनवर बोलले. त्यांना आधी पटेना, "एकाच कपाटातल्या, एकाच देशात बनलेल्या, मग एक का नाही?" पण मी तीन आकडे सांगितले तेव्हा त्या स्वतःच म्हणाल्या की मामा असते तर त्यांनीही कागद पूर्ण केल्याशिवाय हललेच नसते. एक्झिक्युटरना पत्राचा मसुदा पाठवलाय, त्यात प्रत्येक शिक्का जसाच्या तसा लिहायला सांगितलंय, देवनागरी ओळीसकट. मामींना एका पाकिटात मामांचं बिल सापडलंय, त्यावर दोन्ही रायफली १८९८ पूर्वीच्या असं छापलेलंच आहे.

स्नायडर आणि मार्टिनी सार्नियाच्या पुलावरून आणणार, नायगराच्या बाजूला न्यूयॉर्क राज्यातून जावं लागतं आणि तिथले राज्याचे नियम कडक, म्हणून मिशिगनमधून सरळ. ली-एनफील्ड मामींच्या ओळखीच्या डीलरकडे ठेवतोय, त्याची पावती घेऊन. सेफ्टी कोर्सला नाव घातलंय. विंडसरवाले दादा, एक्झिक्युटरचं पत्र नोटराइज केलेलं हवं का, साधं सही केलेलं चालतं? आणि लाकडी दस्त्यावर जुन्या तेलाचा थर आहे तो तसाच ठेवू का, पुसला तर खुणा फिक्या होतील अशी भीती वाटते, तपासणीला त्याच तर दाखवायच्या आहेत.

प्रतिसाद:

नोटराइज केलेलं सोबत असू द्या, कायद्याने मागतीलच असं नाही पण काउंटरवरच्या माणसाचे प्रश्न कमी होतात. आणि तेल अजिबात पुसू नका, फोटो काढताना बाजूने टॉर्च धरा, शिक्के आपोआप उठून दिसतात.