मदत हवी आहे: बिघडलेल्या हार्ड डिस्कमधून जुन्या माणसांची रेकॉर्डिंग्ज काढायची आहेत

नमस्कार मंडळी,

मी लातूरचा. निलंगा, औसा, उदगीर भागातल्या म्हाताऱ्या माणसांकडून रझाकारांच्या काळातल्या आठवणी रेकॉर्ड करायचं काम आम्ही काही मित्र करतो. सप्टेंबर १९४८मध्ये पोलीस कारवाई झाली तेव्हा दहा-बारा वर्षांची असलेली ही माणसं. काही जण अजूनही "आमचा बीदर जिल्हा" म्हणतात, कारण तेव्हा उदगीर-निलंगा बीदरमध्येच होतं. यातले बरेच जण आता राहिले नाहीत, त्यामुळे पुन्हा जाऊन रेकॉर्ड करायची सोय नाही. निलंग्याकडच्या एका आजी सांगतात, कडब्याच्या गंजीत लपल्यावर धाकटा रडू नये म्हणून आईनं त्याच्या तोंडात गुळाचा खडा कोंबला होता. मजकूर आम्ही लिहून काढलाय, पण त्यांचा आवाज फक्त या डिस्कवर आहे.

डिस्क पोर्टेबल, २ टीबीची. आत साधारण ६०० जीबी वेव्ह फायली आणि व्हिडिओ. दुसरी प्रत मित्राच्या कॉम्प्युटरमध्ये होती, तो अवकाळीत वीज पडली तेव्हा जळाला. नवी प्रत करायला घेतली तर ही डिस्क अडायला लागली. आधी फोल्डर उघडायला वेळ, मग कॉपी अर्ध्यात अडकली, आता विंडोज थेट "फॉरमॅट करायचं का" विचारतं. केलेलं नाही. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) पिवळा इशारा येतो, 'करंट पेंडिंग सेक्टर'चा, म्हणजे नीट वाचता न येणाऱ्या जागांचा, आकडा वाढतोय. टकटक आवाज मात्र नाही.

इथले एक दुकानदार चेकडिस्क (विंडोजमधलं डिस्क तपासून दुरुस्त करायचं साधन) मारून देतो म्हणाले, दुसरे उघडून बघू म्हणाले. दोघांनाही नको म्हटलं. घरी काही करता येईल का, की सरळ पुण्या-मुंबईच्या लॅबला पाठवू? आणि पुढं प्रती ठेवायच्या कशा? गावाकडं नेट असं आहे की ६०० जीबी क्लाउडवर चढवणं होणार नाही.

प्रतिसाद

दादा, दोघांना नाही म्हणालात ते फार बरं झालं. चेकडिस्क खराब डिस्कवरच लिहायला लागतं, आणि धुळीत उघडलेली डिस्क लॅबलाही अवघड जाते.

टकटक आवाज नसेल तर घरी एक प्रयत्न करता येतो. लिनक्सच्या लाइव्ह पेन ड्राइव्हवरून (म्हणजे विंडोजऐवजी पेन ड्राइव्हवरच्या लिनक्सवर) कॉम्प्युटर चालू करा आणि डीडीरेस्क्यू या खराब डिस्क वाचणाऱ्या प्रोग्रामनं अख्ख्या डिस्कची नक्कल दुसऱ्या चांगल्या डिस्कवर घ्या. ती २ टीबीपेक्षा मोठीच घ्या. पहिल्या फेरीत कमांडमध्ये '-n' (लहान लिपीतला एन) लावा, म्हणजे ते वाईट जागा सोडून चांगलं आधी उचलतं. हट्टी सेक्टर नंतर. मॅपफाइल (कुठवर वाचून झालं याची नोंद) ठेवलीत तर लाईट गेली तरी काम तिथूनच पुढं सुरू होतं. पुढचं सगळं नकलेवर करा: आधी टेस्टडिस्कनं फोल्डर परत मिळतात का बघा, नाहीच जमलं तर फोटोरेकनं सुट्या फायली शोधून काढा. फोटोरेकमध्ये फायलींची नावं जातात, कोणती आजी कोणती ते ऐकूनच ओळखावं लागेल. मध्येच टकटक सुरू झाली तर त्याच क्षणी बंद करा आणि लॅबला पाठवा.

पण मला तुमच्या मित्राच्या कॉम्प्युटरची जास्त आशा वाटते! विजेच्या झटक्यात बहुतेक एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) आणि मदरबोर्ड जातात. आतली हार्ड डिस्क कुणी दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बघितली का? तिच्यावरचा सर्किट बोर्ड जळला असला तरी आतल्या तबकड्यांवरचा डेटा सहसा शाबूत असतो. फक्त तसलाच दुसरा बोर्ड आणून बसवू नका. प्रत्येक डिस्कची स्वतःची माहिती बोर्डावरच्या रॉम चिपमध्ये असते, ती चिपही हलवावी लागते. ते काम जाणकाराचं.

प्रतींसाठी ३-२-१ धरा: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या गावी. नेट नसलं तरी चालतं. एक डिस्क संभाजीनगरला किंवा नांदेडला नातेवाइकांकडं ठेवा आणि येता-जाता अदलाबदल करा. कॉपी झाल्यावर चेकसम (फाइलवरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळवा. नुसतं मिरर, म्हणजे एका डिस्कवरचा प्रत्येक बदल आपोआप दुसरीवर, असं करू नका, इकडं चुकून पुसलेलं तिकडंही पुसलं जातं. वर्षानुवर्षं कपाटात ठेवायला एसएसडी नको, वीज न मिळता पडून राहिली की त्यातला डेटा जाऊ शकतो.

धागाकर्ता

भाऊ, खूप आभार. जळाला म्हटल्यावर त्या कॉम्प्युटरकडं कुणी बघितलंच नव्हतं. आत्ताच मित्राला फोन केला, कॅबिनेट माळ्यावर तसंच आहे, भंगारात दिलेलं नाही. उद्या डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावतो. तोवर पोर्टेबल डिस्कला हात लावत नाही. मॅपफाइल वेगळ्या पेन ड्राइव्हवर ठेवली तर चालेल ना?