शब्दचर्चा: एलसीडीचा 'काँट्रास्ट' मराठीत कसा लिहावा?

फोंड्याहून प्रश्न
आयटीआयच्या मुलांसाठी १६×२ (१६ अक्षरांच्या दोन ओळींच्या) एलसीडीवर मराठी टिपण करायचे आहे. पिन ३ च्या व्होल्टेजला कुणी 'काँट्रास्ट व्होल्टेज' म्हणतात, कुणी 'ड्राइव्ह व्होल्टेज'. कोशात काँट्रास्टला 'विरोध', 'तफावत' मिळते, पण पडद्याला ते जुळत नाही. 'तेजस्विता' चालेल का?

म्हापसा
तेजस्विता नको. तो ब्राइटनेस, म्हणजे मागच्या दिव्याचा उजेड, आणि त्याच्या पिना १५ व १६. पिन ३ मुळे ठिपके आणि पार्श्वभूमी यांतला फरक बदलतो. चित्राच्या बाबतीत आपण त्याला 'उठाव' म्हणतोच. 'अक्षरांना उठाव नाही' हे मुलांना लगेच कळेल. दुरुस्तीच्या टेबलावर मात्र 'काँट्रास्ट' आणि 'प्रिसेट' (उठाव लावायचा, फिरवून बदलता येणारा छोटा रेझिस्टर) हेच शब्द चालतात, तेही टिपणात ठेवा.

वेर्णा
'उठाव' उत्तम. पण 'काँट्रास्ट व्होल्टेज' या नावामुळे मोजणी चुकते. मुले मीटरचा काळा प्रोब ग्राउंडला लावतात, पिन ३ वर ०.८ व्होल्ट दिसले की तेवढेच वहीत लिहितात. द्रवस्फटिकाच्या वाट्याला येतो तो पिन २ (५ व्होल्टचा पुरवठा) आणि पिन ३ मधला फरक: ५ − ०.८ = ४.२ व्होल्ट. पुरवठा ४.६ वर उतरला तर पिन ३ किंचितच खाली येते, फरक ३.९ च्या आसपास राहतो आणि अक्षरे फिकी पडतात. म्हणून मी 'चालक विभवांतर' लिहीन. 'अंतर' म्हटले की दोन टोके सांगावीच लागतात.

लावायची रीत अशी. १० किलोओहमचा प्रिसेट घ्या, टोके पिन १ (ग्राउंड) व २ ला, मधला पाय पिन ३ ला. पिन ५ ग्राउंडला. प्रोग्रॅम न घालता नुसती वीज द्या आणि प्रिसेट ग्राउंडच्या बाजूला फिरवा. एचडी४४७८० या नियंत्रक चिपच्या जातीचे मॉड्यूल सुरुवातीच्या आज्ञा मिळेपर्यंत वरच्या ओळीत १६ भरीव चौकोन दाखवते, खालची ओळ रिकामी. चौकोन दिसले की विभवांतर ठीक आहे. त्यानंतरही मजकूर आला नाही तर दोष जोडणीत किंवा प्रोग्रॅममध्ये शोधा. मजकूर आल्यावर अक्षरांभोवतीचे चौकोन पुसले जाईपर्यंत प्रिसेट थोडा मागे घ्या.

प्रिसेटऐवजी १० किलोओहम पिन २ कडे आणि १ किलोओहम ग्राउंडकडे लावले, तर कागदावर ०.४५ व्होल्ट येतात, मीटरवर सुमारे ०.८. कारण मॉड्यूलच्या आत बहुधा २.२ किलोओहमचे पाच रेझिस्टर पिन २ आणि ३ मध्ये ओळीने असतात. ते हिशेबात धरा.

मडगाव
त्या पुसट चौकोनांना, 'घोस्टिंग'ला, 'सावली' म्हणावे. आणि ती का पडते हेही टिपणात हवे. ठिपक्यांच्या १६ आडव्या ओळी पाळीपाळीने चालवताना न निवडलेल्या ठिपक्यालाही थोडे व्होल्टेज मिळतेच. एक-पंचमांश बायसवर, म्हणजे विभवांतराचे पाच सारखे टप्पे करून, चालू आणि बंद ठिपक्यांच्या परिणामी व्होल्टेजचे गुणोत्तर फक्त १.२९ भरते. ठिपका गडद होऊ लागतो त्या व्होल्टेजच्या, म्हणजे उंबरठ्याच्या, खाली बंद ठिपका आणि वर चालू ठिपका, एवढ्याच अरुंद जागेत प्रिसेट बसवायचा असतो. नवखा माणूस भराभर फिरवतो आणि ती जागा ओलांडून जातो.

तापमान वाढले की हा उंबरठा खाली येतो. मुरगाव बंदराकडे उघड्यावर, उन्हात तापलेल्या पेटीत दुपारी सावली येते. दुपारीच लावलेला प्रिसेट पहाटे फिका वाटतो. पेटीवर उन्हाचा आडोसा करावा, नाहीतर प्रिसेटच्या साखळीत थर्मिस्टर (तापमानाप्रमाणे बदलणारा रेझिस्टर) घालावा.

फोंडा
आभारी आहे. पावसाळ्यात अधूनमधून एखादी ओळच नाहीशी होते, तोही उठावाचाच दोष का?

वेर्णा
नाही हो. ठिपक्यांची अख्खी उभी वा आडवी रेघ गेली तर काच आणि सर्किटची पाटी यांना जोडणारी रबरी झेब्रा पट्टी तपासा. दोन्ही बाजू आयसोप्रोपिलने पुसून, पूर्ण वाळल्यावर बसवा. सगळा पडदाच फिका-गडद होत असेल तर प्रिसेटचा सरकता पाय दमटपणाने गंजलेला असतो. आपल्या हवेत उघडा प्रिसेट टिकत नाही, बंद कवचाचा अनेक फेऱ्यांचा वापरा.

म्हापसा
एक भर. ३.३ व्होल्टवर ४.२ चे विभवांतर हवे तर पिन ३ ग्राउंडच्या खाली, उणे ०.९ च्या जवळ न्यावी लागते. आयसीएल७६६० (उणे व्होल्टेज तयार करणारी चिप) आणि १० मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर पुरतात; प्रिसेटचे ग्राउंडकडचे टोक तिथून काढून उणे ३.३ ला जोडा. आउटपुटच्या कपॅसिटरचे अधिक टोक ग्राउंडलाच हवे, सवयीने उलटे बसते. मॉड्यूल ३.३ वर चालणारे आहे ना, हे आधी पाहा.