ओव्हल हिरा घेताना कट ग्रेडवर विसंबू नका
ओव्हल म्हणजे लंबगोल हिरा त्याच कॅरेटमध्ये (वजनात) राउंडपेक्षा, म्हणजे गोल हिऱ्यापेक्षा, मोठा दिसतो असं म्हणतात ते बरोबरच, १ कॅरेटचा राउंड व्यासाला साधारण ६.५ मिमी भरतो आणि ओव्हल लांबीला पावणेआठच्या आसपास जातो. पण ‘सर्टिफिकेटवर एक्सलंट कट बघून घ्या’ असा सल्ला देतात तो ओव्हलला लागू नाही, जीआयए (हिरे तपासून सर्टिफिकेट देणारी संस्था) कट ग्रेड, म्हणजे पैलू किती चांगले पाडलेत याचा शेरा, फक्त राउंड ब्रिलियंटला (नेहमीच्या गोल हिऱ्याला) देते, बाकी शेपना पॉलिश (पृष्ठभागाची सफाई) आणि सिमेट्री (पैलूंचा सारखेपणा) एवढंच.

म्हणजे खडा डोळ्यांनीच बघायचा. ओव्हल, पेअर (थेंबासारखा), मार्कीज (दोन्ही टोकांना निमुळता) अशा लांबट शेपमध्ये मधोमध आडवा काळपट पट्टा येतो, बो-टाय म्हणतात त्याला, थोडाफार बहुतेकांत असतोच, पण बहिणीच्या अंगठीच्या वेळी दुकानातल्या स्पॉटलाइटखाली काही कळलंच नाही, दाराशी नेऊन हात लांब धरून जरा तिरका केला तर चांगला ठळक दिसला, मग सरळ दुसरा काढायला लावला.